पाच थरांची बेरीज

या बांधकामात प्रमोदरावांना मिळणार काय होतं, ते आधी मांडून घेऊ. संध्याकाळी पाच ते आठ, स्वतःच्या घरात, बनियनवर बसायची मुभा. बस, एवढंच. बाकीची सगळी कारणं लोकांना सांगण्यासाठी होती.

सिल्वासात, आमलीच्या बाजारामागे, आमची रो-हाउसची सोसायटी आहे. प्रमोदराव मूळचे नाशिकचे, नरोलीच्या एका कारखान्यात क्वालिटी मॅनेजर. त्यांच्या बायकोचा, पद्मजाताईंचा, गणिताचा क्लास गेली अकरा वर्षं त्यांच्या हॉलमध्ये भरायचा. प्रमोदराव कंपनीच्या बसमधून उतरून दारात आले की आधी छत्तीस चपला ओलांडायच्या, मग अठरा पोरांचं एका सुरातलं "गुड इव्हनिंग सर" घ्यायचं, आणि मग चेहऱ्यावर साहेबपण तसंच ठेवून जिना चढायचा. वरच्या बेडरूमवर थेट गच्ची. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी ते सगळं ऊन खाली सोडायचा आणि पंखा ते समान वाटून द्यायचा. म्हणजे या माणसाला दोनच पर्याय होते. खाली शर्ट आणि पोरं, नाहीतर वर बनियन आणि भट्टी. अकरा वर्षं त्यांनी भट्टी पत्करली. यावरून शर्टाबद्दलचं त्यांचं मत कळावं.

पद्मजाताईंचं प्रकरण मात्र खरं होतं. सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवून त्यांनी मार्चमध्ये मुदतीआधीच निवृत्ती घेतली, ती केवळ क्लास नीट चालवता यावा म्हणून. आणि नेमकं त्याच महिन्यात आमलीच्या चौकात एका तरुण जोडप्याने एसी लावलेला क्लास काढला. एप्रिलमध्ये ताईंच्या सुट्टीच्या बॅचमधली तीन पोरं तिकडे गेली. त्यातल्या एकाच्या आईने तर स्पष्टच सांगितलं, "मॅडम, शिकवणं तुमचंच चांगलं आहे. पण आमचा घरी येतो तो आंबल्यासारखा येतो." ताईंनी ते ऐकून घेतलं आणि रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं, "जूनमध्ये शाळा उघडायच्या आत मला थंड खोली पाहिजे. नाहीतर मी नोकरी सोडली ती घरी बसायला, असं धरा."

मागच्या मोकळ्या जागेत बारा बाय वीसची खोली काढायचं खरं तर जानेवारीपासूनच चाललं होतं. पाया झाला होता, भिंती वर येत होत्या. आता त्याला तारीख लागली.

आणि प्रमोदरावांना अजून एक गोष्ट दिसली, जी त्यांनी कोणाला सांगितली नाही. बेडरूमला मागच्या बाजूला एक दार होतं. बिल्डरने ते तीन फुटांच्या बाल्कनीवर काढून दिलं होतं, जिथे उभं राहायचं तर पोट आत घ्यावं लागे. ती बाल्कनी पाडून तिथे नव्या खोलीचा सपाट स्लॅब आला, तर दार थेट मोठ्या गच्चीवर उघडणार. तिथे एक खुर्ची. खुर्चीत ते. अंगावर बनियन.

प्रमोदरावांनी साधा स्लॅब टाकायला नकार दिला. त्यांनी परदेशी माहितीपत्रकं वाचली होती. त्यात घराला रजई पांघरायची एक पद्धत होती. स्लॅबच्या खाली नाही, वर फोमचे जाड बोर्ड टाकायचे, त्यावर वॉटरप्रूफ चादर, त्यावर कोबा. म्हणजे ऊन फोमवरच अडतं आणि स्लॅब खोलीच्याच तापमानाला राहतो.

"याला वॉर्म रूफ म्हणतात," त्यांनी शेजारच्या रमाकांतकाकांना सांगितलं.

रमाकांतकाका पालघरकडचे, प्रशासनाच्या कचेरीतून निवृत्त. अर्जात चूक काढायची सवय निवृत्त झालेली नव्हती. "वॉर्म? सिल्वासात? मग आमच्याकडे आहेच की, सोसायटी झाल्यापासून."

"काका, थंड देशात ते घर गरम ठेवतं, म्हणून ते नाव. आपल्याकडे तेच थंड ठेवतं."

"मग नाव बदला."

"नाव टेक्निकल आहे."

हा शब्द नीट लक्षात ठेवा. पुढच्या दोन महिन्यांत प्रमोदरावांनी तो जितक्या वेळा वापरला तितक्या वेळा सिमेंटची गोणीसुद्धा फुटली नसेल.

फोमचे बोर्ड त्यांनी गलोंड्याच्या एका कारखान्यातून आणले. तिथे कोल्ड स्टोरेजची पॅनेलं बनतात. कोपरे दुखावलेला माल पडून होता, तो ओळखीत मिळाला. आणि काम दिलं वाल्मिकला. वाल्मिक शिरपूरकडचा, बावीस वर्षं इकडे. नरोलीत कारखान्यांतले कामगार ज्या भाड्याच्या खोल्यांत राहतात, त्यातल्या निम्म्यांचे स्लॅब त्याने टाकले आहेत. त्याच्याकडे टेप होता, पण तो खिशात असायचा. मोजायचं ते विताने, नाहीतर बोटांनी.

प्रमोदरावांकडे फाइल होती.

ती फाइल मी पाहिली आहे, आणि माझं मत विचाराल तर तिच्यात खोट नाही. छताचे पाच थर, प्रत्येक थराचा वेगळा कागद. थराचं नाव, जाडी मिलिमीटरमध्ये, किती कमी-जास्त चालेल, कधी टाकला, कोणी टाकला, कोणी तपासला. "तपासला" या रकान्यात प्रमोदरावांची सही, आणि "मंजूर" या रकान्यात पुन्हा प्रमोदरावांची सही, पण वेगळ्या पेनाने. कारखान्यात त्यांनी वीस वर्षं हेच केलं. एकेक प्रोसेस, एकेक फॉर्म. एका फॉर्मवरचा आकडा दुसऱ्या फॉर्मवर न्यायचं काम त्यांचं नव्हतं. ते कॉम्प्युटर करायचा.

स्लॅबची फळ्या-फळकुटं बांधताना वाल्मिक वर बेडरूमच्या दाराशी उभा राहिला आणि हाताची वीत पसरून दाखवली.

"साहेब, स्लॅब इथून एवढा खाली घेऊ. वीतभर."

"ड्रॉइंगमध्ये चार इंच आहे."

"चार इंच बाथरूमले पुरतात. तुमचं तर वर लई सामान येणार. फोम, चादर, कोबा, मोझेक."

"वीतभर खाली घेतला तर आतली उंची दहा फुटांवरून नऊ-सातला येते. गरम हवा वर जाते, वाल्मिक. उंची पाहिजे."

"पण तुमी फोम टाकताय ते गरम हवा येऊ नये म्हणूनच ना?"

"ते वेगळं. हे वेगळं. तू ड्रॉइंगप्रमाणे कर."

पद्मजाताई खालून चहा घेऊन येत होत्या. म्हणाल्या, "काय कमी पडतंय? मला सांगा आकडे."

"अगं, तू तुझं गणित शिकव. हे टेक्निकल आहे."

ताईंनी चहा ठेवला आणि गेल्या. या वाक्याची किंमत पुढे येईल.

स्लॅब चार इंच खाली पडला. तो वाळेपर्यंत प्रमोदराव रोज सकाळी त्यावर ओल मोजायचं यंत्र टेकवून आकडा लिहीत होते. मग पहिला थर आला, स्लॅबला चिकटवायची चादर. वाल्मिकने ती उलटसुलट करून बघितली.

"ही काहाले? वरून एक टाकणारच ना?"

"घरातली वाफ वर जाऊन फोममध्ये शिरू नये म्हणून. तिकडे सगळे टाकतात."

"तिकडे घर गरम न बाहेर बर्फ. आपल्याकडे थंड पाण्याच्या ग्लासाले घाम कुठून येतो साहेब? बाहेरून."

 दुसऱ्या दिवशी त्या थराच्या कागदावर शेरा दिसला: "अतिरिक्त सुरक्षितता." चादर लागली. हरला तर हरला, पण फाइलमध्ये हरायचं नाही, अशा जातीचा माणूस.

दुसरा थर फोम, पंच्याहत्तर मिलिमीटर. सांधे एकासमोर एक येऊ द्यायचे नाहीत, दुखावलेले कोपरे कापून तुकडे घट्ट बसवायचे. हे काम त्यांनी स्वतः केलं. रविवारी दोन्ही गुडघे टेकून, आणि खरं सांगतो, सुरेख केलं. दोन बोर्डांमधून पोस्टकार्ड जाणार नाही असं. तिसरा थर, वरची वॉटरप्रूफ चादर, गॅसच्या ज्योतीने चिकटवायची. ती चारही बाजूंच्या भिंतींवर फूटभर चढवली. पाणी साचलं तरी भिंतीतून आत जायला नको. फक्त दारापाशी चढायला भिंतच नव्हती.

त्या दारावर तेव्हा प्लाय ठोकलेला होता. सिमेंट उडून दार खराब होऊ नये म्हणून प्रमोदरावांनी वर प्लास्टिक गुंडाळून, त्यावर प्लायची फळी मारून, वर खडूने लिहिलं होतं: "तयार माल, हात लावू नये." ये-जा बाहेरच्या शिडीवरून. म्हणजे ज्या दारासाठी एवढा खटाटोप, ते दार दीड महिना कोणी उघडलंच नाही.

चादर लागल्यावर दोन दिवस पाणी कोंडून बघितलं. पन्हळी बुजवायच्या, जेमतेम एक बोट पाणी भरायचं, खाली ओल येते का बघायची. ठिपका आला नाही. मग चौथा थर, कोबा. पाणी दारापासून लांब वाहावं म्हणून दाराशी नव्वद, पन्हळीशी पन्नास. ढाळ बरोबर होता, स्पिरिट लेव्हलने तपासलेला. कोबा प्लायच्या फळीला टेकून उभा राहिला तेव्हा वाल्मिकने पुन्हा एकदा तोंड उघडलं.

"साहेब, फळीमागे दाराचा उंबरा कुठे राह्यला, ते एकदा बघून घ्या."

"फळी आत्ता काढायची नाही. मोझेक झाल्यावर."

"बरं."

वाल्मिक तीनदा सांगतो. चौथ्यांदा त्याला कोणी सांगायला लावलेलं ऐकिवात नाही. पाचवा थर, चायना मोझेक, पांढऱ्या फुटक्या फरश्यांचा, मसाल्यासकट पंचवीस मिलिमीटर, मेच्या तिसऱ्या आठवड्यात लागला. पांढरी गच्ची उन्हात अशी चकाकली की रमाकांतकाकांनी आपल्या खिडकीला पडदा लावून घेतला.

इकडे पद्मजाताईंनी पालकांना निरोप धाडला होता. रविवारी सकाळी दहाला नवी खोली बघायला या. पंधरा जूनपासून बॅच इथेच. रंग नव्हता, दिव्याच्या तारा लोंबत होत्या, पण तारीख कळवून झाली होती. अजून दोन पोरं चौकातल्या क्लासचं पत्रक वहीत घेऊन फिरत होती, हे ताईंनी पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं.

शुक्रवारी दुपारी प्रमोदराव कारखान्यातून तासाभरासाठी घरी आले आणि शिडीवर चढले. दोन्ही पन्हळींत चिंध्या कोंबून वर सिमेंट लिंपलं, पाइप लावून गच्ची भरायला घेतली. लांबच्या भिंतीवर पट्टी चिकटवली, वेळेसकट फोटो काढला. वाल्मिक दोन गल्ल्या पलीकडे फरशी बसवत होता. त्याला फोन लावला, सांगण्यासाठी, विचारण्यासाठी नव्हे.

"परत काहाले पाणी कोंडता साहेब? चादरीवर कोंडलं होतं ना दोन दिवस."

"ती इन-प्रोसेस टेस्ट. ही फायनल. फायनलशिवाय मी घेत नाही."

"दाराकडे बघितलं?"

"दार फळीमागे सेफ आहे."

"मग तुमची मर्जी."

दाराशी दोन इंच पाणी उभं राहिलं तेव्हा त्यांनी नळ बंद केला आणि ते परत गेले. कारखान्यात त्या दिवशी ग्राहकाचे लोक तपासणीला आलेले होते. फोन खिशात मुका.

पाच वीसला हॉलमध्ये समरूप त्रिकोण चालले होते.

"मॅडम, पाणी," मागून एक मुलगी म्हणाली.

"आत्ता नाही. पंधरा मिनिटांनी."

"प्यायला नाही मॅडम. जिन्यावरून येतंय."

ताईंनी खडू खाली ठेवला. वरच्या वळणावरून पाणी एकेक पायरी मोजत उतरत होतं, घाई नव्हती त्याला. पुढे प्रमोदरावांची एक स्लिपर होती. तिच्यामागे पावडरचा डबा. आणि मागोमाग, एखादी वरात यावी तसे, फाइलचे कागद. ती त्यांनी सुरक्षित राहावी म्हणून पलंगाखाली ठेवली होती. थर क्रमांक चार पहिला आला.

पोरं बाकांवर चढली. बाक म्हणजे चटयाच, त्यामुळे चढून फायदा नव्हता. "दप्तरं उचला आणि मागच्या खोलीत चला," ताई म्हणाल्या. नवी खोली हॉलपेक्षा दोन इंच उंच होती. हे ड्रॉइंगमध्ये नव्हतं, वाल्मिकने परस्पर केलं होतं. उरलेली पंधरा पोरं तिथे गेली. ताईंनी हॉलमधला उभा पंखा उचलून नेला, तार खिडकीतून काढून लावली आणि भिंतीच्या कोऱ्या प्लॅस्टरवर खडूने त्रिकोण पुन्हा काढला. एक मुलगा वाल्मिकला बोलवायला पळाला.

वाल्मिक आला, शिडी चढला, आणि पन्हळीतल्या चिंध्या ओढून काढल्या. सगळं पाणी एका दमात बोळात कोसळलं. बोळात रमाकांतकाकांच्या सुमनकाकूंनी खाटेवर गव्हाच्या कुरडया वाळत टाकल्या होत्या. तीन दिवस उन्हात तयार झालेल्या कुरडया तीन सेकंदांत परत चीक झाल्या.

"हे कोणतं टेक्निकल?" काका खिडकीतून म्हणाले.

प्रमोदराव पावणेसातला आले. दारात चपला नेहमीसारख्या, पण हॉलमध्ये कोणी नाही आणि इंचभर पाणी. त्यांनी पँट दुमडली, वर गेले. गादीने अर्धं पाणी पिऊन घेतलं होतं. दार आतून उघडून बाहेरची फळी उपटली तेव्हा त्यांना जे दिसलं ते फळीमागे कधीचं तिथेच होतं. समोर गच्ची नव्हती. समोर गच्चीची कड होती, बेडरूमच्या फरशीपेक्षा चार इंच वर. बाहेर जायला पायरी चढावी लागत होती, आणि पाण्याला आत यायला उतरावी.

ते खाली आले तर नव्या खोलीतून पोरांचा आवाज येत होता. आत गेले. खिशातून तापमान मोजायचं पिस्तूल काढलं, छतावर रोखलं. तेहतीस. मग वर जाऊन बेडरूमच्या छतावर रोखलं. चव्वेचाळीस. मग पुन्हा खाली येऊन, स्टुलावर चढून नव्या छताला बोटं लावली. कोरडं ठणठणीत.

पोरं आठला गेली. रोज साडेसातपासून जी घड्याळाकडे बघायची, ती त्या दिवशी आठ वाजले हे सांगावं लागलं तेव्हा उठली.

मग हॉलमध्ये तिघं उभे राहिले. ताईंच्या हातात झाडू, वाल्मिकच्या हातात बादली, प्रमोदरावांच्या हातात पिस्तूल.

"एक गोष्ट आहे," प्रमोदराव म्हणाले. "टेस्ट पास झाली. खाली थेंब नाही."

"कोणाची टेस्ट?" ताईंनी विचारलं. झाडू थांबवला नव्हता.

"म्हणजे... छताची."

"कागद द्या इकडे."

ओले कागद टीपॉयवर पसरले. ताईंनी चाचणी परीक्षेच्या एका पेपरच्या पाठीवर एकाखाली एक लिहिलं. तीन. पंच्याहत्तर. चार. नव्वद. पंचवीस. खाली रेघ. पेन उचललंसुद्धा नाही.

"एकशे सत्त्याण्णव. स्लॅब किती खाली घेतलात?"

"शंभर."

"वजाबाकी मी करू, का टेक्निकल आहे?"

प्रमोदरावांनी पाचही कागद उलटून पाहिले. पाच कागद, दहा सह्या, आणि रेघ एकही नाही. "प्रत्येक थर लिमिटमध्ये होता," ते शेवटी म्हणाले, अगदी हळू.

"होता ना," ताई म्हणाल्या. "एकेकाला विचारलं तर माझ्या वर्गातलं प्रत्येक पोर चांगलंच असतं."

मग ते वाल्मिककडे वळले. "तुला माहीत होतं."

"तीनदा बोललो ना साहेब."

"आणि फोम? पाणी दारातून चादरीखाली गेलं असेल तर फोम कुजला समज. सगळं उचकटावं लागेल." हे विचारताना मात्र त्यांनी पिस्तूल खिशात ठेवलं. रविवार तोंडावर होता, आणि खोली गेली तर कोणाचं काय जाणार, ते झाडू घेऊन समोर उभं होतं.

"फोमले काही झालं नाही," वाल्मिक म्हणाला. "चादर लावली त्या दिवशी तुमी कारखान्यात होते. मी फळी दोन बोटं उचलून चादर उंबऱ्यावरून आत घेतली न चिकटवून टाकली. पाणी घरात येणार, हे तर स्लॅब पडला तवाच ठरलं होतं. म्हटलं येऊ दे गादीवर. गादी उन्हात वाळते. फोम नाही वाळत."

त्या रात्री ताईंनी पहिल्यांदा वाल्मिकला जेवायला थांबवलं.

उपाय एकच होता. गच्ची तोडायची तर पाचही थर जातात. म्हणून दार बाद. शनिवारी दिवसभरात वाल्मिकने उंबऱ्यावर दोन फूट भिंत उचलली, चादर तिच्यावर चढवली, आणि वर दाराची खिडकी केली. प्रमोदराव बेडरूममध्ये उभे राहून खुर्चीची वाट बंद होताना बघत होते.

"मग गच्चीवर जायचं कसं?"

"खिडकीतून," वाल्मिक म्हणाला. "आत स्टूल ठेवा. बाहेर उडी लहानच आहे, चार इंच तर तुमीच भरून दिले."

रविवारी पालक आले. ताईंनी भाषण तयार ठेवलं होतं, ते लागलं नाही. शुक्रवारी पोरांनी घरी जाऊन सगळं सांगितलं होतं: जिन्यावरून धबधबा, सरांची स्लिपर, आणि त्यात एक कोरडी खोली, जिथे एसी नसताना अंगाला वही चिकटत नाही. जे वाक्य जाहिरातीत पैसे देऊन लिहिता आलं नसतं, ते एका बापाने दारात उभं राहून म्हटलं, "घर बुडलं तरी क्लास बंद पडला नाही, असं ऐकलं." रंग नसलेल्या खोलीत साडेदहा वाजता प्रत्येकाने प्रमोदरावांचं पिस्तूल छतावर रोखून बघितलं. चौकातल्या क्लासला गेलेल्या तिघांपैकी दोघांच्या आया मागे उभ्या होत्या, चप्पल न काढता, म्हणजे आपण फक्त बघायला आलो असं दिसावं. पत्रकवाली दोन्ही पोरं पुढे बसली होती. संध्याकाळपर्यंत बॅच तेहतीसची झाली.

आता शेवटची मांडणी.

पद्मजाताईंना त्यांची खोली मिळाली, आणि क्लास राहिला. पण तेहतीस पोरं बारा बाय वीसमध्ये बसत नाहीत, आणि ताई कोंबून बसवणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांच्या शाळेतल्या धनश्री मॅडम विज्ञान शिकवायला येऊ लागल्या. निम्मी पोरं नव्या खोलीत गणिताला, निम्मी विज्ञानाला, मग अदलाबदल. विज्ञान कुठे? हॉलमध्ये. पाच ते आठ.

वाल्मिकला सोसायटीत सात छतं मिळाली. सगळीकडे तो सांगतो, "सिस्टिम प्रमोद साहेबांची, वीत माझी." पहिलं छत रमाकांतकाकांचं. काकांनी दर ठरवताना कुरडयांची किंमत वळती करायला लावली, आणि वाल्मिकने ती प्रमोदरावांच्या शेवटच्या बिलात चढवली. काकांच्या गच्चीला दार नाही, त्यामुळे तिथे कोणाला बेरीज करावी लागली नाही. तरी काकूंनी करून घेतली, पद्मजाताईंकडून.

फाइलमध्ये सहावा कागद लागला. त्याच्यावर नाव आहे "एकूण", आणि "तपासला" या रकान्यात पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाची सही आहे.

राहिले प्रमोदराव. बेडरूमवर फोम नाही. ती संध्याकाळी अजून भट्टीच असते. गच्ची आहे, पण वाट खिडकीतून, स्टुलावरून. जूनपासून तिथे पाऊस, आणि पाऊस थांबेल तेव्हा सत्तावन्नाव्या वर्षी खिडकीतून बनियनवर बाहेर पडणारा माणूस समोरच्या घरांना कसा दिसतो, हे काकांनी एकदा मोबाइलवर काढून दाखवलं. त्यानंतर स्टूल खाली आलं. हॉलमध्ये आता "गुड इव्हनिंग सर" म्हणणारी नवी पोरं आहेत, आणि धनश्री मॅडम आहेत, ज्या समोरून उठून नमस्कार करतात. पूर्वी चालायचा तसा कालचा शर्ट आता तिथे चालत नाही; चहापाण्याला खाली उतरायचं तर रोज संध्याकाळी धुतलेला, इस्त्रीचा दुसरा शर्ट.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या योगेशने परवा विचारलं, "सर, संध्याकाळची दुसरी नोकरी धरली का?"

छताचे पाच थर प्रमोदरावांनी भरले. सहावाही तेच भरतायत, अंगावर घालून: महिन्याला सव्वीस शर्ट, इस्त्रीसकट.